मुलुंडची दुहेरी नोंद
महसुली दप्तरात मुलुंड व घाटकोपर कुर्ला तालुक्यात मोडतात, मुंबई महानगरपालिका मात्र मुलुंडला ‘टी’ आणि घाटकोपरला ‘एन’ विभाग म्हणून ओळखते. १९९७ साली प्रमाणित झालेल्या यूएमएल या आरेखन-भाषेतील आराखड्यात या विभागण्यांच्या चौकटी रेषांनी सुबक जोडता येतात. परंतु मुलुंड कुर्ल्यात, कुर्ला मुंबई उपनगर जिल्ह्यात, तस्मात् मुलुंडही त्याच जिल्ह्यात, हे अनुमान यंत्राने स्वतः करावे, यासाठी २००४ सालच्या ‘आउल’ या ज्ञानरचनेच्या भाषेत ‘अंतर्भाव’ हा संबंध संक्रामक असल्याचे जाहीर करावे लागते. ओएमजी संस्थेच्या २००९ च्या प्रमाणकाने यूएमएल व आउल या दोहोंचा सांधा जुळवला खरा, तरी तो कुरकुरतोच: तालुक्याचा रकाना रिकामा असलेली नोंद यूएमएल आराखड्यावर बेतलेल्या विदागाराचा कारकुनी खाक्या सदोष ठरवून परत करतो, तर ज्ञानरचना तालुका असणारच, फक्त अद्याप अज्ञात आहे, असे मानून ती दाखल करून घेते.