काचेच्या घुमटाखालचा उकाडा

व्हॅन्स एअरक्राफ्ट या अमेरिकी कंपनीचं ‘आरव्ही-७’ किट घेऊन घरीच विमान बांधणारे हौशी पुष्कळ. दोन सीट, वर पारदर्शक घुमट. दृश्य झकास, पण उन्हात टॅक्सीवेवर थांबलं की वैमानिक घामाघूम!

हवा आत घ्यायला दोन्ही बाजूंना ‘नाका’ पद्धतीची खोलगट तोंडं असतात. अमेरिकेच्या ‘नाका’ (NACA) या तेव्हाच्या विमानसंशोधन संस्थेच्या एम्स प्रयोगशाळेत १९४५च्या सुमारास अभ्यासलेला हा आकार पृष्ठभागाबाहेर डोकावत नाही, त्यामुळे वेगाला फारशी खीळ बसत नाही.

बरेच जण ही तोंडंच मोठी करत बसतात. खरी मेख हवा बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. जुनी हवा निघालीच नाही, तर नवी शिरणार कशी? ही वाट कमी दाबाच्या जागी काढावी लागते. मात्र केबिनमधला दाब फार घटला, तर फटींतून एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जाऊ शकतो. म्हणून असा बदल केल्यावर डिटेक्टर लावूनच चाचणी घ्यावी.