कंप आणि त्याचें शमन

देवळांतील घंटेवर टोल पडला कीं तिचा नाद बराच वेळ रेंगाळतो. हातानें तिला धरतांच तो थांबतो. धातूंतील कंपाची शक्ति मऊ हातांत जिरते व तिची उष्णता होते. घंटेला नाद शोभतो. विमानाच्या पंखाला किंवा हेलिकॉप्टरच्या पात्याला तो शोभत नाहीं. तेथें न जिरलेला कंप पदार्थास शिणवितो, आणि शिणलेला पदार्थ एके दिवशीं तडकतो.

२००९ सालीं प्रथम उडालेल्या बोईंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचा वजनानें सुमारें निम्मा भाग तंतु घातलेल्या राळेचा, मुख्यतः कार्बनतंतूंचा, आहे. या संमिश्र पदार्थांत दोन प्रकृति एकत्र नांदतात. तंतु ताठ, आलेला कंप तो जवळजवळ तसाच परत करतो. राळ थोडी मंद. ताण सुटला तरी ती मागें रेंगाळते, आणि त्या रेंगाळण्यांत शक्ति खर्ची पडते. म्हणून सरळ तंतूंची पट्टी फार वेळ थरथरते. तंतु तिरपे बसविले तर राळेवर अधिक भार येऊन शमन पुष्कळ वाढतें. अ‍ॅडम्स व बेकन यांनीं हें १९७३ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. मात्र ताठपणा घटतो, आणि हा सौदा विमानाला परवडेलच असें नाहीं.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे. श्रोत्यांनीं एखादें जाड पुस्तक वांकवून पाहावें. पानें एकमेकांवरून सरकतात. त्याप्रमाणें दोन ताठ थरांमध्यें रबरासारखा पातळ पापुद्रा घातला, तर वांकतांना सारी ओढाताण त्यालाच सोसावी लागते व कंप तेथें जिरतो. अशा थराचें गणित कर्विन यांनीं १९५९ सालीं मांडलें. अडचण हवामानाची. उंच आकाशांत पारा उणें ५० अंशांपर्यंत उतरतो. तेथें असा पापुद्रा काचेसारखा कडक होण्याची भीति, तर फार उष्णतेंत तो नको तितका मऊ पडतो. दोन्हीं प्रसंगीं शमन संपतें.

जवसाच्या झाडाचे तंतु कांच वा कार्बनाहून अधिक कंप जिरवितात. पण ते ओल शोषतात.

एक फसवणूक मात्र ओळखली पाहिजे. मडकें घेतांना गृहिणी टिचकी मारून पाहते. खणखणीत वाजलें तर घेते, बद्द वाजलें तर परत ठेवते. संमिश्र पदार्थांतहि थर सुटले किंवा चीर पडली कीं तिच्या कडा घासून शमन वाढतें. त्यामुळें वापरांतील पात्याचें शमन आपोआप वाढलेलें दिसलें, तर अभियंता त्यांत चीर शोधूं लागतो.