समोरच्याचा जोर

तालमीतलं पहिलं काम मातीचं. पहाटे अंधारातच दोन पोरं हौद्यात उतरतात आणि फावड्यानं माती खालवर करतात. आदल्या दिवशीच्या पायांनी ती दाबून बसलेली असते. फोडली नाही तर पाठ आपटल्यावर कळतं. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, गोडं तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरवलेला. वस्ताद मूठभर माती उचलून दाबतात आणि मूठ उघडतात. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, झरझर गळून गेला तर कमी. मुठीचा आकार क्षणभर टिकावा आणि मग भुगा व्हावा, एवढी ओल लागते. वेल्ह्याकडच्या पावसात ती राखणं सोपं नाही. तोरणा दिवसचे दिवस ढगात असतो आणि तालमीच्या भिंतींनाही पाझर फुटतो. ज्या मातीवर पडायचं ती रोज आपल्याच हातानं करून घ्यायची, हा इथला रिवाज. मग मारुतीला नमस्कार, आणि त्यानंतर मेहनत.

जोर, बैठका, सपाट्या चालू असताना नव्या पोरांना एका कडेला वेगळंच काम असतं. ती पडत असतात. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडत पडायचं आणि काही झालं तरी हात टेकायचा नाही. घाबरलेलं पोर हटकून हात टेकतं, आणि मग सगळ्या अंगाचा भार मनगटावर नाहीतर कोपरावर येतो. ही भीती अंगातून जाईपर्यंत वस्ताद डावाचं नाव काढत नाहीत. पोरं कंटाळतात, पण इलाज नाही. पडायची भीती असलेला गडी अंग आखडून धरतो, आणि आखडलेलं अंग उचलायला सगळ्यात सोपं.

आयकिदो या जपानी विद्येतही सुरुवात इथूनच होते. तिथं पडण्याच्या या अभ्यासाला उकेमी म्हणतात आणि वर्षानुवर्षं शिकलेले लोकही तो रोज करतात. ही विद्या मोरिहेइ उएशिबा यांची. 1883 साली तानाबे गावी जन्मलेले उएशिबा ताकेदा सोकाकू यांच्याकडे दाइतो-र्यू ही जुजुत्सूची शाखा शिकले आणि पुढं त्यातून त्यांनी स्वतःची वाट काढली. 1930 मध्ये ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांचं काम पाहिलं आणि आपले काही शिष्य त्यांच्याकडे शिकायला धाडले. एका विद्येच्या आचार्यानं दुसऱ्याची थोरवी इतकी उघड मान्य करावी, हे मला फार मोठं वाटतं. आयकिदो हे नाव 1942 पासून रूढ झालं. त्याचा गाभा दोन हालचालींत आहे. इरिमी म्हणजे हल्ल्याच्या रेषेतून जरा सरकून थेट समोरच्याच्या अंगाशी शिरणं. तेनकान म्हणजे त्याचा जोर आला तसा पुढं जाऊ देऊन आपण त्याच्या बाजूला वळणं. जोराला जोर लावायचाच नाही.

वाचून हे पटतं, पण डोळ्यांना दिसत नाही. मला ते दिसलं या मावळातल्या हौद्याच्या काठावर बसून.

सलामी झाली, खडाखडी झाली, दोघांची डोकी एकमेकांना भिडली, एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर. आता बराच वेळ काहीच होत नाही, असं काठावरच्या माणसाला वाटतं. वस्ताद शेजारी येऊन म्हणाले, “हाताकडं बघू नका, पायाकडं बघा. वजन कुठल्या पायावर हाय?” तेव्हापासून कुस्ती निराळीच दिसायला लागली. मानेवरचा हात रेटत नसतो, चाचपत असतो. जरा दाबतो आणि सोडतो. दाबल्यावर समोरचा मागं झुकतो की उलटा रेटतो, उजवा पाय उचलतो की डावा रोवतो, हे तळहाताला कळतं. डोळे तर बहुतेक वेळ जमिनीकडेच असतात.

असाच एकदा ढाक हा डाव पाहिला. धिप्पाड पोरगा सडपातळ गड्याला रेटत हौद्याच्या कडेपर्यंत घेऊन आला होता. “ढकलतोय न्हवं त्यो? ढकलू दे,” वस्ताद ओरडले. सडपातळ गडी आणखी अर्धं पाऊल मागं सरला, मोठ्याला जोम चढला, त्यानं सगळं अंग पुढं घातलं. त्याच क्षणी लहान्यानं त्याची मान आणि दंड कवेत घेतले, गर्रकन पाठ फिरवली आणि कंबर खाली घातली. मोठा स्वतःच्याच रेट्यानं त्या कंबरेवरून पलीकडे गेला आणि अस्मान बघत पडला. मागं सरणं, वळणं आणि कंबर घालणं मिळून एकच हालचाल झाली होती.

हेलसिंकीत 1952 साली स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव या ढाकासाठीच ओळखले जात. अंगानं ते काही धिप्पाड नव्हते. ते पदक त्यांनी बँटमवेट गटात मिळवलं.

इथल्या पोरांना एक गोष्ट आयतीच मिळते. भोर-वेल्हे हा भातशेतीचा मुलूख. आवणीच्या दिवसांत ही पोरं गुडघाभर चिखलात वाकून असतात. पाय रुतत असताना तोल राखणं आणि वजन न हिंदकळता पाऊल उचलणं त्यांच्या पोटऱ्यांना आधीच ठाऊक असतं.

आयकिदोत आणि कुस्तीत मोठा फरकही आहे. आयकिदोच्या मुख्य परंपरेत स्पर्धा नाही. एक जण हल्ला करतो, दुसरा तो वळवतो, मग भूमिका बदलतात. हल्ला खरा असावा लागतो, पण पडणारा पडण्याला राजी असतो. हौद्यात कुणी राजी नसतं. समोरचाही तुमचा तोल तितक्याच चिकाटीनं शोधत असतो, म्हणून इथं खोटा डाव टिकत नाही. तरी वस्ताद आयकिदोसारखंच काहीतरी करतात. लढतीला हलक्या पोराची जोड मुद्दाम जड पोराशी लावतात. रेटून काही होत नाही हे हलक्याला लगेच कळतं. जडाला कळायला वेळ लागतो, आणि म्हणून वस्तादांचं जास्त लक्ष त्याच्यावर असतं.

जत्रेच्या फडात हे शिक्षण कामी येतं. हलगी कडकडत असते, पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि शेवटची मोठ्या इनामाची. निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत. वाट बघायला वेळ असतो. पुढं शिकायला पोरं पुण्याच्या तालमींत जातात आणि तिथं मॅट येते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला गुण. मातीत जे अर्धं पाऊल मागं सरून ढाक साधला, तेच पाऊल मॅटवर महागात पडू शकतं. आधी माती आणि मग मॅट, हा क्रम मला योग्य वाटतो. तळहाताला जे कळायचं ते घाई नसतानाच कळतं, आणि नियम नंतर शिकता येतात. वस्तादांनीही हल्ली मोठ्या पोरांसाठी हौद्यात राखेचं वर्तुळ आखायला घेतलंय. त्याच्या आत राहून, मागं न सरता बाजूला वळून तोच ढाक कसा बसवायचा, याची मेहनत सध्या चालू आहे.