खोटे आहे हे माहीत असूनही रडू का येते?

भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडीच्या परिसरात एका शाळेत आम्ही आठवीच्या मुलांना ‘श्यामची आई’ हा चित्रपट दाखवला. खिडक्यांना चादरी लावून वर्गात अंधार केला होता. आईच्या मृत्यूचा प्रसंग आला तशी मुलांची चुळबुळ थांबली. थोड्या वेळाने नाक ओढल्याचे आवाज येऊ लागले. दिवे लावले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा बाहीने डोळे पुसताना दिसला आणि वर्गात हशा पिकला. “अरे, पिक्चर आहे तो! खरं नाही काही,” शेजारचा म्हणाला. मुलगा वरमला. पण घरी जाताना त्याने विचारले, “सर, खरं नाही हे मलाही माहीत होतं. मग रडू का आलं?”

त्या दिवशी या प्रश्नाचे नीट उत्तर आम्हाला देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आचार्य अत्रे यांचा हा चित्रपट १९५३ सालचा. १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले. पडद्यावर मरण पावणाऱ्या आईची भूमिका करणाऱ्या वनमाला त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे, २००७ पर्यंत, हयात होत्या. हे मुलांना आधी सांगितले असते, तरी डोळे भरून यायचे थांबले असते का?

आता थोडे मागे जाऊ. दादासाहेब फाळके यांचा ‘लंकादहन’ १९१७ मध्ये आला. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडत, जमिनीवर डोके टेकवीत, अशा आठवणी त्या काळच्या लोकांनी सांगितल्या आहेत. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. या आठवणी सांगताना ‘बिचारे भोळे प्रेक्षक, त्यांना चित्र आणि खरे यांतला फरक कळत नव्हता’ असा सूर पुष्कळदा लागतो. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये पडद्यावरची आगगाडी पाहून प्रेक्षक पळत सुटले, ही गोष्टही याच सुरात सांगतात. पण तशी पळापळ झाल्याचा भरवशाचा समकालीन पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही.

थोडा विचार केला तर या सुरातली चूक ध्यानात येते. रामाला हात जोडणारे प्रेक्षक लंका पेटल्यावर पाण्याची बादली घेऊन पडद्याकडे धावल्याचे ऐकिवात नाही. देवळातली मूर्ती दगडाची आहे हे ठाऊक असूनही माणूस तिच्यापुढे वाकतो, तसेच हे. आमचा विद्यार्थीही श्यामच्या आईसाठी डॉक्टरला बोलवायला उठला नाही. म्हणजे ‘हे खरे नाही’ हे ज्ञान दोघांजवळ होते आणि ते आपले काम करीत होते. कृती त्या ज्ञानामुळे थांबली, भावना मात्र थांबली नाही.

असे का व्हावे? फळ्यावर सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेघा काढा. एकीच्या दोन्ही टोकांना बाणाप्रमाणे आत वळणारी पाती काढा, दुसरीच्या टोकांना बाहेर वळणारी. दुसरी रेघ लांब दिसेल. आता मोजपट्टी लावून दोन्ही सारख्याच आहेत हे मुलांना दाखवा आणि पुन्हा पाहायला सांगा. दुसरी रेघ अजूनही लांबच दिसते! चित्रपटाचेही तसेच. बोलपटात सेकंदाला २४ स्थिर चित्रे पडद्यावर पडतात. हे माहीत असले तरी आपल्याला हालचालच दिसते. मेंदूतील काही कामे आपल्या माहितीला न विचारता चालू असतात.

भावनांचे पुष्कळसे काम याच प्रकारचे आहे. व्याकूळ चेहरा, कापरा आवाज, रडणे यांना मेंदूतील भावनांशी संबंधित भाग झटकन प्रतिसाद देतात. बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा त्यांपैकी एक. ही यंत्रणा चित्रपटाच्या शोधाच्या लाखो वर्षे आधी घडली. तेव्हा समोर रडणारा चेहरा दिसला की तिथे माणूसच असे. हा प्रकाशाचा खेळ आहे, हा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग आपल्याला खुर्चीत बसवून ठेवतो, पण आतला कढ पुसून टाकू शकत नाही.

अश्रूही आपल्या हुकमात नसतात. डोळ्याच्या वरच्या बाहेरील कोपऱ्यात असलेल्या अश्रुग्रंथींवर स्वायत्त चेतासंस्थेचे नियंत्रण असते. हृदयाच्या ठोक्यांवर असते तसेच. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नलिका नाकात उतरते. जास्तीचे अश्रू तिच्यातून नाकात येतात. अंधारात आम्हाला ऐकू आले ते हेच!

याचा अर्थ रडणे केवळ यांत्रिक आहे असा नाही. श्यामच्या आईबरोबर दीड-दोन तास घालवल्यावरच तिचा मृत्यू आपल्याला लागतो. त्यात प्रत्येकाची स्वतःची आई, स्वतःचे घर मिसळते. म्हणून एकाच प्रसंगाला एक मूल रडते, दुसरे गप्प बसते, तर तिसरे अवघडून हसते. त्या दिवशी हसलेल्या मुलांपैकी काहींचेही डोळे ओले नसतील कशावरून?

वर्गात एक प्रयोग करता येईल. एका गटाला एखाद्या चित्रपटाचा फक्त शेवट दाखवा, दुसऱ्याला तोच शेवट आवाज बंद करून आणि तिसऱ्याला सबंध चित्रपट. प्रत्येकाने आपल्याला काय वाटले आणि कोणत्या क्षणी, हे चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठीवर नाव नको. गोष्टीची ओळख, आवाज आणि संगीत यांचा वाटा किती, हे मुलांना तिन्ही गटांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून ताडून पाहता येईल.

आणि दिवे लावण्यापूर्वी दोन मिनिटे थांबा. आम्ही ते केले नव्हते. डोळे पुसायला तेवढा वेळ मुलांना मिळायला हवा.