हवा भरण्याचे शास्त्र, अर्थात पंप कोणता घ्यावा?

आपल्या सायकल स्टँडवर एक नजर टाका. बाबांच्या काळातली काळी २८ इंची सायकल, तिच्या शेजारी दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून मिळालेली जाड टायरची, आणि कोपऱ्यात एखाद्या हौशी गड्याची बारीक टायरची गिअरवाली. तिघींमध्ये समान गोष्ट एकच. पंक्चर!

चौकात पंक्चरवाला असतो तोवर चिंता नाही. पण रविवारी पहाटे सिंहगडाला निघालात आणि खडकवासल्याच्या पुढे हवा गेली, की दुकान उघडायची वाट पाहणं किंवा सायकल हातात धरून चालणं, एवढंच उरतं. आपल्यासाठी ही फार तर सहलीची मजा गेली. मेसमधले काका मात्र रोज अंधारात सायकलवरून येतात. त्यांना उशीर म्हणजे खाड्याची भीती. तसंच चालवत आणावं तर ट्यूब रिमखाली चिरडून कामातून जाते. म्हणून बॅगेत मावणारा पंप हवाच. प्रश्न एवढाच, की कोणता?

दुकानदार पहिल्यांदा खोक्यावरचा आकडा दाखवतो. "१२० पीएसआयचा आहे!" बरं का, हा आकडा पंपाची नळी किती दाब सोसेल ते सांगतो. तुमचा दंड किती सोसेल ते नाही. तो हिशोब आपला आपणच करायचा, आणि त्याला बारावीचं फिजिक्स पुरतं.

बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. दोन पंप घेऊ. दोघांचा दट्ट्या १५ सेंटीमीटर सरकतो, पण एकाच्या नळीचा आतला व्यास २० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ३०. पहिल्याचं क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंटीमीटर, दुसऱ्याचं ७.१. म्हणजे एका दाबात पहिला साधारण ४७ घनसेंटीमीटर हवा ढकलतो, तर दुसरा १०६. वरवर पाहता दुसराच भारी वाटतो.

आता टायर लावून बघू. काळ्या सायकलच्या दीड इंची टायरमध्ये अंदाजे २.६ लिटर जागा असते. तिथे ४५ पीएसआय हवेला बारीक पंपाचे १७० दाब लागतात, जाड्याचे ७५. शेवटच्या दाबांना बारीक पंपावर १० किलो जोर लागतो, जाड्यावर २२. इथे जाडा पंप सरळ जिंकला. जवळजवळ दोन इंची टायरचंही तेच. तिथे जागा पावणेचार लिटर, त्यामुळे बारीक पंपाने दोनशेच्या वर दाब मारावे लागतात, मात्र दाब ४० पीएसआय पुरतो.

गिअरवालीच्या २५ मिलिमीटर टायरमध्ये मात्र जेमतेम १ लिटर जागा, आणि हवा लागते ९० पीएसआय. बारीक पंपावर शेवटी २० किलो जोर लागतो, जाड्यावर ४५ किलो! एवढा जोर नुसत्या हाताने पन्नास वेळा लावून दाखवणारा पैलवान आमच्या विंगमध्ये तरी नाही. (हे आकडे आदर्श पंपाचे. गळती आणि नळीत अडकून राहणारी हवा धरली तर प्रत्यक्षात दाब जास्तच लागतात.)

थोडक्यात, जाड टायरला जाडा पंप आणि बारीक टायरला बारीक. आपला जोर मोजायचा असेल तर वजनकाट्यावर तळहात दाबून बघा. शंभर वेळा जो आकडा सहज येतो, तो तुमचा खरा आकडा.

जोर कमी पडत असेल तर पायाखाली धरायचा छोटा पत्रा आणि वर आडवी मूठ असलेला पंप घ्या. तो जमिनीवर टेकवून अंगाचा भार टाकता येतो. थोडा लांब आणि जड असतो, पण रस्त्यावर त्याच्याइतका कामाचा दुसरा नाही.

आता व्हॉल्व्ह. साध्या सायकलला वालट्यूबवाला व्हॉल्व्ह असतो, जाड टायरच्या पुष्कळ सायकलींना मोटारसायकलसारखा ८ मिलिमीटरचा, आणि बारीक टायरवालीला ६ मिलिमीटरचा, टोकाला छोटी चकती फिरवून उघडायचा. पंपाचं तोंड आपल्या व्हॉल्व्हवर बसतं का, हे सायकल दुकानात नेऊन तिथेच हवा भरून बघा. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवर चढवून ठेवला की हरवायची भीती नाही. वालट्यूबची सायकल असेल तर पंपावरच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नका. ती रबरी नळी उघडायलाच जास्तीचा दाब लागतो, त्यामुळे काटा टायरपेक्षा जास्त दाखवतो.

आणि पंपाला लवचिक नळी हवीच. थेट व्हॉल्व्हवर बसणारा पंप जोरात मारताना हलतो, प्रत्येक दाबाला व्हॉल्व्ह मुळाशी हिसकतो, आणि तिथे ट्यूब फाटली की तिला ठिगळ लागत नाही. पंक्चर काढलं खरं, पण ट्यूब गेली!

बाजारात आणखी दोन प्रकार दिसतील. एक कार्बन डायऑक्साइडची डबी. १६ ग्रॅम वायू म्हणजे खोलीच्या तापमानाला पावणेनऊ लिटरच्या आसपास. काळ्या सायकलचं एक चाक भरलं की डबी संपली. शिवाय हा वायू रबरातून लवकर निसटतो, तेव्हा घरी पोचल्यावर साधी हवा भरावी लागते. दुसरा बॅटरीवरचा पंप. कष्ट शून्य, पण चार्जिंग विसरलं की तो नुसता दगड. हॉस्टेलवर प्लग पॉइंटला किती नंबर लागतात ते मी सांगायला नको. हातपंप फक्त जेवलेला माणूस मागतो.

त्यात चामड्याचा वॉशर असेल तर अधूनमधून तेलाचे दोन थेंब सोडा, नाहीतर तो सुकून हवा मागे सोडतो. सोबत ठिगळं, सोल्यूशन, टायर काढायचे दोन लिव्हर आणि जमल्यास एक नवी ट्यूब ठेवा. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की वाळायला लागते, ती तपासत चला. आणि हवा भरण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. बाभळीचा काटा तिथेच राहिला असेल तर सगळी मेहनत वाया!

प्रत्येकाने पंप घेतलाच पाहिजे असं नाही. माझं म्हणणं, वर्गणी काढून २५ ते ३० मिलिमीटरचा, पायपट्टीचा, नळीवाला एक पंप आणि अडॅप्टर घ्यावा आणि गेटवरच्या केबिनमध्ये ठेवावा. काळी असो की जाड टायरची, दोन्ही सायकलींना तो चालेल, आणि काकांनाही हक्काने मागता येईल. बारीक टायरवाल्यांनी मात्र आपला बारीक पंप आपल्या बॅगेत ठेवावा. त्यांचा हिशोब वेगळा, तो वर मांडलाच आहे.