चिंधी ते शिफॉन

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या मोठ्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तेथे छत्तीसगडच्या कोशाशेजारी शिफॉन, जॉर्जेट, क्रेप, वायल अशी वस्त्रे विकली जातात. कोसा हा शब्द संस्कृत ‘कोश’ शब्दाच्या कुळातला. बाकीची नावे सर्रास इंग्रजी समजली जातात. वस्तुतः ती फ्रेंच होत. इंग्रजांनी ती उसनी घेतली आणि त्यांच्यामार्फत ती इकडे आली.

फ्रेंच भाषेत शिफॉन म्हणजे चिंधी! एवढ्या महाग वस्त्राला असे दरिद्री नाव मिळावे, ही भाषेची थट्टाच म्हणावयाची. क्रेप म्हणजे सुरकुतलेले, वायल म्हणजे अवगुंठन. जॉर्जेट हे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जॉर्जेट द ला प्लांत या फ्रेंच शिवणकर्तीचे नाव. डेनिमचे मूळ नाव ‘सर्ज द नीम’, म्हणजे नीम गावचे सर्ज. इंग्रजांनी सर्ज गाळले आणि ‘द नीम’ तेवढे जोडून ठेवले.

ही उसनवारी एकदाच झालेली नाही. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या तेथील राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच राहिली. त्या काळात आलेले शब्द इंग्रजीत पार मुरले. ‘कापणारा’ या अर्थाचा टेलर त्यांपैकीच. पुढे पोशाख आणि पाकशास्त्र यांच्या ओढीने आलेल्या शब्दांनी मात्र आपला फ्रेंच उच्चार बव्हंशी राखला. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हे मूळचे एकच, ‘मस्तक’ या अर्थाचे शब्द. पहिला इंग्रजीत आला तेव्हा फ्रेंच माणूस ‘च’ म्हणत असे. दुसरा आला तोवर त्या ‘च’चा ‘श’ झाला होता. शिफॉनमधील ‘श’ त्याचे उशिराचे आगमन सांगतो.

फ्रेंचांच्या ‘व्वाल’चे इंग्रजांनी ‘व्हॉइल’ केले, आपल्याकडे त्याचे ‘वायल’ झाले. या उच्चाराला हसणाऱ्या सुशिक्षितांनी इंग्रजांनाही हसावयास हवे.

शब्दांचा हा प्रवास एकाच दिशेने झाला, असेही नव्हे. आपल्या छिटाला इंग्रजीत ‘चिंट्झ’ म्हणू लागले. फ्रान्समध्ये असले छापील कापड ‘इंदिएन’, म्हणजे भारतीय, या नावाने खपू लागले. त्याची मागणी इतकी वाढली की, स्वदेशी विणकरांच्या रक्षणार्थ १६८६ साली फ्रेंच सरकारने त्यावर बंदी घातली. ती १७५९ साली उठली; मधल्या काळातही ते कापड चोरवाटांनी येतच होते.