हरताळ आणि अक्षर : ग्रंथपृष्ठांवरील आच्छादित काव्याचा विचार

एखाद्या वचनाचा वा नियमाचा भंग झाला, म्हणजे त्यास 'हरताळ फासला' असे मराठीत म्हणतात. या वाक्प्रचाराचे मूळ हस्तलिखित पोथ्यांत आहे. लेखनिकाच्या हातून चुकीचे अक्षर उतरले, तर त्यावर हरताळाचा, म्हणजे आर्सेनिक व गंधक यांच्या संयोगाने बनलेल्या पिवळ्या खनिजाचा, लेप देण्यात येई. लेप वाळल्यावर त्याच जागी शुद्ध अक्षर लिहिता येई. लिहिलेल्या पानावर रंग चढविण्याची ही रीत शुद्धीसाठी होती. तीच क्रिया काव्यनिर्मितीचे साधन झाली, तर काय घडते, हे येथे पाहावयाचे आहे.

या प्रकारात जुन्या छापील ग्रंथाचे एक पान घेऊन त्यातील मोजके शब्द जागच्या जागी उघडे ठेवतात व बाकीचा मजकूर रंगाने किंवा आकृतींनी झाकतात. उघड्या शब्दांतून जे वाचले जाते, ते काव्य होय. त्यास 'दृश्यकाव्य' म्हणावे, तर संस्कृत साहित्यशास्त्रात ती संज्ञा नाटकासाठी रूढ आहे. 'चित्रकाव्य' म्हणावे, तर पद्मबंध, खड्गबंध अशा रचना डोळ्यांसमोर येतात, आणि मम्मटाने चित्रकाव्यास काव्याच्या तीन प्रकारांत शेवटचे स्थान दिले आहे. म्हणून 'आच्छादित काव्य' हेच नाव येथे योजिले आहे. बंधरचनेत कवी अक्षरे आकृतीसाठी जुळवितो. येथे मात्र शब्द व त्यांचे स्थान दुसऱ्या लेखकाने आधीच ठरविलेले असते. कवीच्या हाती उरते ती केवळ निवड.

या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील चित्रकार टॉम फिलिप्स (१९३७–२०२२) यांचे आहे. १९६६ मध्ये त्यांनी लंडनमधील जुन्या सामानाच्या दुकानात डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ सालची 'अ ह्यूमन डॉक्युमेंट' ही कादंबरी तीन पेन्सना घेतली आणि तिचे प्रत्येक पान रंगविले. शीर्षकाची मधली अक्षरे दडपून 'अ ह्यूम्युमेंट' हे नाव सिद्ध झाले. त्यातील नायकाचे 'टोज' हे नावही 'टुगेदर' व 'ऑल्टुगेदर' या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांतून निघालेले आहे. सबब ते शब्द ज्या पानावर असतील तेथेच तो अवतरतो. पाने पुनःपुन्हा नव्याने रंगविण्यात आली व शेवटची आवृत्ती २०१६ मध्ये निघाली.

याच्या नेमकी उलट वाट वसई-विरार परिसरातील सोपारे येथे दिसते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शासनाचा तुकडा सापडला. या शिळांवर थोडेच ब्राह्मी शब्द उरले आहेत. तरीही राजाने विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचे आठव्या शासनातील कथन संपूर्ण कळते. कारण गिरनार आदी स्थळी तोच मजकूर कोरलेला आहे. पुराभिलेखतज्ज्ञ उरलेल्या शब्दांवरून गेलेले शब्द शोधतो, तर आच्छादित काव्याचा कर्ता असलेले शब्द झाकून उरलेल्यांना नवा अर्थ देतो. दोघांचेही वाचन अंशावरच चालते.

मात्र सोपाऱ्याच्या तुकड्यांतून एक इशाराही मिळतो. इतरत्र प्रती नसत्या, तर त्या शब्दांचा अर्थ लागणे दुष्कर झाले असते. मॅलॉकच्या कादंबरीच्या अन्य प्रती उपलब्ध असल्याने फिलिप्स यांच्या रंगाखाली काहीही नाहीसे झाले नाही. उलट विस्मृतीत गेलेल्या ग्रंथाचे नाव पुन्हा ऐकू आले. एकमेव हस्तलिखिताच्या बाबतीत असे म्हणता येणार नाही. तेव्हा या कलेची मर्यादा स्पष्ट आहे : ज्या ग्रंथाची दुसरी प्रत सुरक्षित आहे, त्याच्याच पानावर कुंचला चालवावा. एरवी काव्य निर्माण होईलही, पण ज्ञानास हरताळ फासला जाईल.